भिंतीकडचा चेंडू

—अगं काढू नकोस, अंगावरच शिवून देते. टी-शर्ट काढून बसलीस आणि तेवढ्यात फायनलची हाक आली म्हणजे? बस इथे बाकावर, हात सैल सोड. बघू — खांद्यापासून बाहीच सुटलीय की. काय हाणलास गं शेवटचा फटका, आमच्या पोस्टमास्तरांना चेंडू दिसलासुद्धा नाही, बिचारे अजून टेबलाखाली वाकून बघतायत. हसू नकोस, हलतेस. सुई बारीक आहे, पण टोचायची ती टोचतेच. आणि हे दार राहू दे उघडं, मला हॉलमधला आवाज लागतो. बघायची गरज नाही, नुसत्या आवाजावरून मी सांगते पॉइंट कुणाचा गेला ते. आत्ता हा जो वाजतोय ना, थप्प, थप्प, ओल्या फडक्यावर पडल्यासारखा — हा त्याचा. सराव करतोय. तुझ्याशी फायनल आहे ना त्याची.

बघितलास त्याचा खेळ? मघाशी कोपऱ्यात उभी राहून बघत होतीस, पाहिलं मी. आणि तुझ्या तोंडावर तेच होतं जे सगळ्यांच्या तोंडावर असतं — हे काय टेबल टेनिस झालं? ना हात मागे नेतो, ना पाय हलवतो, चेहऱ्यावर रेष नाही. इथे त्याला मख्ख म्हणतात. पाठीमागे नाही हां, तोंडावर म्हणतात, त्यालाही आवडतं. कोपर पोटाला चिकटवलेलं, बॅट नुसती पुढे धरलेली, आणि चेंडू येतो तो कसा — फिरतोय की नाही, उसळणार की बसणार, काही पत्ता नाही. बँकेच्या कॅशियरचं बघितलंस ना त्याच्यासमोर काय झालं? चांगला खेळतो गं तो, शिकवून तयार केलेला हात आहे. पहिल्यांदा फिरकी दिली, ती या मख्खाच्या बॅटच्या गुळगुळीत रबरावर विरून गेली. मग जास्त फिरकी दिली. मग चिडला, जोरात मारायला लागला, तर त्याचाच जोर त्याच्या अंगावर परत. मग स्वतःवरच ओरडायला लागला. एकदा माणूस स्वतःवर ओरडायला लागला की संपलं, पुढचं फक्त मोजायचं.

तर ऐक. मी सांगते ते कानात ठेव. विचित्र खेळणाऱ्याशी खेळताना पहिली गोष्ट म्हणजे लाज सोडायची. आज आपला खेळ देखणा दिसणार नाही, हे आधीच कबूल करून टाकायचं. तुझा तो सुंदर फटका आहे ना, तो ठेव पिशवीत. साधा चेंडू दे. अगदी साधा, लहान मुलाला देतात तसा. तू काही दिलं नाहीस तर त्याच्याकडे परत द्यायला काही उरत नाही — कळतंय? आणि त्याच्या बॅटकडे बघू नकोस, बॅट काहीच सांगत नाही. चेंडूवर कंपनीचा जो छाप असतो ना, त्याच्याकडे बघ. छाप वाचता आला तर चेंडू मेलेला आहे, नुसता पुसट दिसला तर फिरतोय. पहिला गेम जाईल. जाऊ दे. पहिला गेम बघण्यासाठीच असतो असं समज.

—काय? मी का सांगतेय? का म्हणजे, सांगावंसं वाटलं. बाई म्हणून बाईला. एवढे बाप्ये आडवे करून फायनलला आलीस, मला बरं वाटलं. — नाही, बरोबर आहे तुझं, विचारायलाच हवं. मी त्याची बहीण. थोरली. हलू नकोस म्हटलं ना! हो, सख्खी. तोंडावळा नाही का मिळत? नाक बघ. त्याच्या नाकावर लहानपणी चेंडू बसला तोही माझाच.

मग? बहिणीने भावाचं गुपित फोडू नये असं कुठे लिहिलंय? माज आलाय त्याला. कित्येक वर्षं हा करंडक आमच्या दुकानातच आहे, त्यात तो टाचण्या ठेवतो. एकदा हरलेला बरा. माणसाने अधूनमधून हरावं, तब्येतीला चांगलं असतं. म्हणजे — स्वभावाला. स्वभावाला चांगलं असतं.

दुकान आमचं शिवणकामाचं. वडील शिंपी, आता तो शिंपी. मी काज-बटण करते, हातशिलाई करते, आणि गिऱ्हाइकांशी भांडते, कारण त्याला भांडता येत नाही. आई लवकर गेली. शाळा सुटली की आम्ही दोघं दुकानात. अरुंद दुकान, लांबच लांब, बोळासारखं, आणि त्यात वडिलांचं कापड बेतायचं टेबल, ते एका बाजूने भिंतीला टेकवलेलं, कारण दुसऱ्या बाजूने माणसाला जायला जागा हवी ना. संध्याकाळी वडील दुकानाची फळी ओढून मागे हिशेबाला बसले की ते टेबल आमचं. दोन टोकांना दोन इस्त्र्या उभ्या करायच्या, मध्ये कॉलरच्या बकरमची ताठ पट्टी ताणायची, झालं नेट. बॅटा खोक्याच्या फळ्यांच्या, वर कोटाच्या कापडाचे तुकडे चिकटवलेले. त्याच्यावर कसली आलीय फिरकी! त्याला फिरकी म्हणजे काय हे मिसरूड फुटल्यावर कळलं. तो मशीनच्या बाजूला उभा राहायचा, मी दाराच्या बाजूला. म्हणजे भिंत कुठे आली? त्याच्या उजव्या हाताला. खेळायच्या हाताला. हात जरा मागे नेला की कोपर भिंतीवर. सोलवटून निघायचं, चुन्याने पांढरं आणि रक्ताने लाल. रडायचा नाही पण. मख्ख तेव्हापासूनच. काही दिवसांनी कोपर पोटाशी आलं, ते आलं. आज एवढ्या मोठ्या हॉलमध्ये खेळतो, दहा माणसं आडवी झोपतील एवढी जागा त्याच्या उजवीकडे आहे, तरी ते कोपर पोट सोडत नाही. लोक म्हणतात काय स्टाइल आहे, काय डोकं लावलंय. कसलं डोकं! भिंत आहे ती. दुकानाची भिंत. टेबल कधीच बदललं, भिंत त्याच्या कोपरात राहिली.

आता सांगते ते नीट ऐक, हे कुणालाच सांगितलेलं नाही. आमचा नियम होता, चेंडू भिंतीला लागला की मेला. म्हणजे टेबलाच्या भिंतीकडच्या कडेवरून बाजूला घसरून जाणारा चेंडू आम्ही कधी मारलाच नाही. मारणाऱ्याचाच पॉइंट जायचा ना! तर तो चेंडू त्याने जन्मात घेतलेला नाही. कोपऱ्यातला खोल चेंडू नव्हे हां, तो घेतो तो, सगळे तिथेच मारतात आणि मरतात. आखूड. हळू. नेटच्या जवळ टप्पा पडून त्याच्या उजव्या कडेवरून बाजूला निसटणारा. तुझ्या डावीकडची ती लांबची कड, तिच्यावरून. तुला येतो तो, मघाशी पोस्टमास्तरांना एकदा टाकलास, तेव्हाच माझ्या मनात आलं. तसा टाक. बघ त्याचं काय होतं — नुसता उभा राहील. चेंडू जाताना बघत राहील, जणू काही तो मेलाच आहे, जणू तिकडे भिंत आहे आणि आता चेंडू आपटून परत येईल आणि मी म्हणेन, मेला, माझी सर्व्हिस.

नाही, त्याला नाही ठाऊक. माणसाला स्वतःचं कोपर कुठे दिसतं? आणि कळलं तरी उपयोग नाही. माझंच सांगते ना. मला कळतंय, लख्ख कळतंय, आणि तरी — गेल्या आठवड्यात मी स्वतः उभी राहिले त्याच्यासमोर. दुकान बंद करून इथे आले, म्हटलं चल, खेळ माझ्याशी. हसला. म्हणाला, ताई, गुडघे? म्हटलं गुडघ्यांचं मी बघते, तू बॅट उचल. मनाशी घोकत होते, तिकडे, तिकडे, त्या कडेवरून, एवढंच तर करायचंय. आणि हात जाईना गं. चेंडू नेमका यायचा, टाकायचा म्हणायचे, आणि मनगट आपोआप आत वळायचं. माझ्याही डावीकडे भिंतच होती ना. सगळे गेम हरले. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. या वयात, टेबल टेनिस हरले म्हणून! सुनेला वाटलं दात दुखतोय.

—माजाचं काय? कसला माज. हां, ते मी म्हटलं मघाशी, माज आलाय त्याला. नाही गं. मुंगीला पाय लागला तरी थांबणारा माणूस आहे तो. दे इकडे, हा दोरा ओवून दे जरा, मला आता दिसत नाही. डोळे? बरे आहेत डोळे. असंच होतं.

हे बघ, ऑपरेशन आहे त्याचं. करायला तयार नाही. डॉक्टरीणबाईंनी उद्या सकाळची खाट धरून ठेवलीय, तिसऱ्यांदा. दोनदा आम्ही गेलोच नाही. परवा त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आता नाही आलात तर मग येऊ नका. अशाच शब्दांत नाही, चांगली बाई आहे ती, पण अर्थ तोच. आणि हा काय म्हणतो? हरल्याशिवाय नाही. बसलाय हट्टाला. हरेन त्या दिवशी तू म्हणशील तिथे येतो ताई, चप्पल घालून पुढे चालतो, पण जिंकतोय तोवर काही बोलू नकोस. शब्द दिलाय, आणि शब्दाचा पक्का आहे, हरला तर येणार. पण हरेल कसा? इथे सगळ्यांना कुणकुण आहे. पोस्टमास्तर, कॅशियर, तो चष्मेवाला इलेक्ट्रिशियन — सगळे जीव लावून खेळल्यासारखं करतात आणि शेवटी सोडून देतात. कॅशियर मघाशी ओरडत होता ना स्वतःवर, अर्धं नाटक होतं ते. इथल्या कुणालाच तो हात हरवायचा नाहीये. मग कोण हरवणार? तू बाहेरची. तुला काय. तुझा काही जीव जडलेला नाही. तू खेळशील आणि गाडी पकडून घरी जाशील, हात राहिला काय आणि गेला काय—

—टोचली का? माझंच चुकलं. थांब, रक्त नाही आलं. थांब जरा.

हो. हात. उजवा. इथून, खांद्यापासून. आता निसटलंच आहे तोंडातून तर ऐक. दंडात गाठ आहे, वाईटातली. आणि आमची अक्कल बघ — बाही तंग झाली, तर त्याने बाही उसवून सैल केली. पुन्हा तंग झाली, पुन्हा सैल केली. शिंपीच ना! कापडात जागा आहे का ते बघितलं, दंड का फुगला हे नाही बघितलं. आणि मी? मीच त्या शिवणी उसवून द्यायचे. म्हणायचे, बघा, या वयात दंड भरतायत आमच्या पैलवानाचे. दुखत नव्हतं ना काही. दुखलं असतं तर... जाऊ दे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात ठेवला तर माणूस राहणार नाही. सरळ आहे. हिशेब सरळ आहे, मला कळतो, त्यालाही कळतो. पण तो म्हणतो, हा बघ ताई, अजून जिंकतोय, जिंकणारा हात कापायचा कसा? त्याच हाताने कातरी चालवली, त्याच हाताने वडिलांना शेवटचं पाणी पाजलं, त्याच हाताने—

असं बघू नकोस माझ्याकडे. माहितेय काय म्हणणार आहेस. नाही खेळत म्हणणार आहेस. बॅट पिशवीत घालून निघून जाशील, म्हणशील माझ्याकडून नाही होणार. मग तो जिंकेल. न खेळता जिंकेल. उद्याची खाट पुन्हा रिकामी. आणि हात काही कायमचा राहणार नाही, बाळा, हातासकट तोच जाईल. म्हणूनच तुला सांगणार नव्हते. बाही शिवायची, दोन गोष्टी कानात घालायच्या आणि पाठवून द्यायचं, एवढंच ठरवलं होतं. तुझी बाही उसवलेली बघून मला देव पावल्यासारखं झालं, खरं सांगते. पण तोंडाला माझ्या कधी टाका घातलाच नाही कुणी.

अगं, मनातून तो तयार आहे गं! तुला वाटतंय मी त्याच्या मनाविरुद्ध... नाही. परवा कपाटात अस्तराचं कापड शोधत होते, मागच्या बाजूला एक गठ्ठा सापडला. म्हटलं कुणा गिऱ्हाइकाचे राहिले की काय. शर्ट. नवे, घडी घातलेले, सहा-सात असतील. त्याच्याच मापाचे, माप मी हातानेच ओळखते. उलगडून बघितला एक. डावी बाही पूर्ण. उजवी — खांद्याखाली एवढीशी, आणि तोंड बंद. आत दुमडून असा बारीक टाका घातलाय की बोटालासुद्धा लागू नये. कुठे लागू नये ते कळलं ना तुला? आणि काजं नेहमीपेक्षा मोठी, बटणं सैल. एका डाव्या हाताने लागावीत म्हणून. कधी केलं, कुणास ठाऊक. मी घरी गेल्यावर बसत असेल. नंतर कापता येणार नाही ना, म्हणून त्याच हाताने आधी कापून ठेवले. आणि काजं त्याने केली, बघ! जन्मात कधी केली नव्हती, काजं माझं काम. वाकडीतिकडी केलीत मेल्याने. तेवढ्यासाठी तरी मला सांगायचं होतंस ना रे. मी चांगली करून दिली असती.

घडी घालून पुन्हा होते तसे ठेवून दिले.   आम्ही दोघं दिवसभर एका टेबलाच्या दोन बाजूंना बसतो आणि गिऱ्हाइकांबद्दल बोलतो.

तर तुला एवढंच करायचंय, बाळा. दया दाखवायची नाही. तू दया दाखवलीस तर त्याला कळेल, त्याला चेंडूतलं सगळं कळतं. हरवायचं ते खरं हरवायचं. आखूड, हळू, कडेवरून. एकदा टाकलास की पुन्हा तोच टाक. पुन्हा तोच. त्याचा चेहरा बघू नकोस. लोक तुझ्यावर चिडतील, टाळ्या वाजवणार नाहीत, पोस्टमास्तर तर तुझ्याशी हातसुद्धा मिळवणार नाहीत. चालेल ना तुला? करंडक ने घरी, त्यातल्या टाचण्या तेवढ्या काढून घेते मी. — रडू नकोस गं. तू रडलीस तर चेंडूवरचा छाप कसा दिसणार? पूस. माझ्या पदराला पूस.

अरे, आवाज थांबला की बाहेरचा—

—तू होय. ये ना, दारात काय उभा. काही नाही रे, बाही उसवली होती पोरीची, टाका घालत होते. रडतंय कोण? सुई टोचली तिला, माझ्या हातून. हो, म्हातारी झालेय, माहितेय. ... सांगितलं ना तिला, सगळं सांगितलं, जोरात मार म्हटलं, मख्खाला जोर अजिबात झेपत नाही! हस, हस. ... झालंच, शेवटची गाठ मारते आणि पाठवते. तू हो पुढे. ... काय? काय म्हणालास?

कसली भिंत?

...

हो रे. सांगितली.

...

गेला. ऐकलंस ना तू? बरं केलंस ताई, म्हणाला. म्हणजे ठाऊक होतं त्याला. कधीपासून ठाऊक होतं कुणास ठाऊक. तेव्हा गेल्या आठवड्यात मी समोर उभी होते, मनगट तिकडे वळत नव्हतं माझं, तेव्हा तो — त्या चेंडूची वाटच बघत होता का गं?

ऊठ. झाली बाही, आता नाही सुटायची. जा, उभं ठेवू नकोस त्याला. आणि जाताना दार ओढून घे. घट्ट. आवाज आत यायला नको.